कुठलं चाक?

माफी मागायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. आम्ही साताऱ्याचे. चूक झालीच तर फार तर समोरच्याला चहा पाजतो, आणि तोही त्यानं त्या चुकीचा विषय काढला नाही तर. त्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचाच पगार घेते. अशा माझ्या शेजारी, इथे अमेरिकेत रेडमंडमध्ये, सोनटक्केकाका राहायला यावेत, हा योगच म्हणायचा. कारण या गृहस्थांची निम्मी वाक्यं 'माझंच चुकलं' इथून सुरू व्हायची.

महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला पाऊस आला, तर "माझंच चुकलं, मी ताडपत्री आणायला हवी होती." कुणाच्या हातून आमटीचं पातेलं कलंडलं, तर "माझंच चुकलं, मी वाटेत उभा होतो." एकदा त्यांच्या पायावर माझा पाय पडला. तेव्हाही तेच. मी चिडून म्हटलं, "काका, पाय माझा पडलाय." तर म्हणतात, "हो, पण खाली माझा होता ना."

आमच्या शेजारच्या मेधाचे ते वडील. पुण्याच्या एका गाड्यांच्या कारखान्यात ब्रेकच्या चाचणी विभागात त्यांची सगळी नोकरी झाली, विभागप्रमुख होऊन रिटायर झाले. काकू गेल्यावर मेधानं त्यांना ग्रीन कार्डावर इकडे आणलं. मेधाचा नवरा कामासाठी सारखा तिकडे टेक्सासात, प्लेनोला, त्यामुळे घरात मेधा, तिची कॉलेजात जाणारी ईरा, आणि काका.

पहिली भेट भांडणानंच झाली. मी ऑफिसातून आले, गाडी लावली, उतरते तर एक म्हातारा माझ्या मागच्या चाकाशी वाकलेला. अंगात हाफ स्वेटर, पायात मोजे आणि वर सँडल.

"ओ, काय चाललंय?" मी मराठीतच ओरडले. घाबरले की मला मराठीच येतं.

"माझंच चुकलं," ते सरळ होत म्हणाले. "आधी विचारायला हवं होतं. तुम्ही वळलात तेव्हा वास आला. ब्रेक धरतोय कुठलातरी. कुठलं चाक ते बघत होतो."

आणि मग माझी परवानगी घेऊन ते चारही चाकांशी गेले. प्रत्येकाजवळ हाताची मागची बाजू धरायची, टेकवायची नाही, क्षणभर थांबायचं. तापलेल्या पोराच्या कपाळाजवळ आई हात नेते तसा. मागचं उजवं निघालं. मी आपली म्हटलं, चला, सगळे ब्रेक बदलून टाकते, कटकट नको. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाला तपासाशिवाय फासावर द्यायला निघाले होते.

"अहो, थांबा की. ज्यांनी काही केलं नाही त्यांना कशाला काढता?"

एक पिन गंजून बसली होती, एवढंच. त्यांनी ती काढली, घासली, ग्रीस लावलं. नंतर माझ्या सिंकपाशी उभे राहून साबणात साखर घालून हात धुतले. तेलकट काळं साखरेनं निघतं, हे मला तेव्हा कळलं. मी चहा पाजला. म्हणजे आमच्या पद्धतीनं माफी मागितली. त्यांना ते कळलं असावं, कारण साखर नको म्हणत असतानाही दोन कप प्यायले.

ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला रेवतीताई, टपालवाल्याला सर, कोपऱ्यावरच्या कुत्र्यालासुद्धा "बसा, बसा." अपवाद फक्त मेधा. ती त्यांची 'अगं' होती.

आजूबाजूच्या आपल्या लोकांत त्यांचं नाव झालं. शनिवारी कुणी ना कुणी गाडी घेऊन यायचं. "काका, आवाज येतोय." "काका, एका बाजूला ओढतेय." इथे जन्मलेली पोरंही यायची, "काका, इट्स मेकिंग अ वीअर्ड नॉइज," म्हणत. काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कुठलं चाक?" कुणी म्हटलं की माहीत नाही, पण माझ्या नवऱ्यानंच काहीतरी करून ठेवलंय, तर ते हात वर करायचे.

"आधी कुठलं चाक, ते विचारायचं. मग, का. आणि शेवटी कुणामुळे, तेही विचारायची गरज उरली तर. बहुतेक वेळा उरत नाही."

हे ऐकून मला वाटायचं, वा रे वा. गाडीच्या साध्या नटबोल्टावर पुराव्याशिवाय आळ घेत नाही हा माणूस, आणि स्वतःवर मात्र उठता-बसता खटला. तिथे ना साक्ष, ना तपास. थेट शिक्षाच.

एकदा मी ते बोलून दाखवलंच. मला पोटात ठेवता येत नाही काही. ते तेव्हा सिंकपाशी हात धूत होते. पाणी चालूच ठेवून म्हणाले, "एकदाच न तपासता बोललो होतो, रेवतीताई. हिची पाठ दुखत होती. मी म्हटलं, सकाळी ओल्या चादरी वाळत घातल्यास ना, भरली असेल. बाम लावून दिला. चांगला चोळून लावला. ती म्हणाली, बरं वाटलं." नळ बंद केला. "हार्ट होतं ते. बायकांचं पाठीतून बोलतं म्हणे. मला कुठे ठाऊक. पण विचारायला तरी हवं होतं, की नक्की कुठे दुखतंय."

मी साताऱ्याची. उठून चहा टाकला.

आता हँडब्रेकची गोष्ट. काकांना एक सवय होती, आपल्याकडे गाडी शिकलेल्या सगळ्यांना असते ती. गाडी थांबली की हँडब्रेक करकचून ओढायचा. जमीन ताटासारखी सपाट असली तरी. इथे ऑटोमॅटिक गाड्या, 'पी'वर, म्हणजे पार्कवर, टाकली की लोक उतरून चालू पडतात. मेधा त्यांना शंभरदा म्हणाली असेल, "बाबा, इथे नाही ओढत. पावसात केबल गंजते, मग अडकून बसतो तो." काका "बरं" म्हणायचे आणि पुढच्या वेळी ओढायचेच. म्हणायचे, हात मला विचारून तिकडे जातच नाही.

मेधाची जुनी गाडी होती, इथे आल्यावर घेतलेली पहिली. ईरापेक्षा जुनी. ती ईराला मिळाली. ईरा डोंगरापलीकडच्या कॉलेजात, घाट ओलांडून चार-पाच तासांचा रस्ता. हिवाळ्याच्या आधी गाडी बरेच दिवस ड्राइव्हवेत उभी होती, पावसात, आणि काकांच्या हातचा हँडब्रेक ओढलेला. मग ईरा ती घेऊन गेली. सुट्टीला घरी परत येताना घाट उतरत होती, तेव्हा गाडी एका बाजूला ओढायला लागली, जळका वास आला आणि चाकातून धूर. पोरगी शहाणी, कडेला घेतली. पण बाजूनं मोठे ट्रक, वरून बर्फाचा चिखल, आणि ही एकटी फोनवर रडतेय. गाडी ओढून न्यायला टोवाला आला तेव्हा गाडी बघून सहज म्हणाला, पार्किंग ब्रेक अडकला असणार, जुन्या गाड्यांचं असंच असतं.

त्या सहज बोलण्यावर त्या घरात निकाल लागला.

मला हे सगळं मेधानं सांगितलं, दोन दिवसांनी, आमच्या कुंपणाशी उभं राहून. डोळे सुजलेले होते. "मी खूप बोलले गं बाबांना. किती वेळा सांगितलं होतं, यार. ईराला काही झालं असतं तर? आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, आईच्या वेळीपण तुमचं असंच झालं."

"असं म्हणालीस?"

"बोलून गेले. आता परत कसं घेऊ?" मग ती म्हणाली, "आणि खोटंही नाही ना ते." मेधा वाईट नाही. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला हाताशी येईल तो धोंडा उचलायची घाई असते. "बाबांनी पुण्याचं तिकीट काढायला सांगितलंय. कायमचं. मी काढलं."

काका त्यानंतर दिसेनासे झाले. शनिवारी लोक आले, तर मेधानं बरं नाही म्हणून परत पाठवले. मला खिडकीतून ते दिसायचे, खुर्चीत बसलेले, दोन्ही हात मांडीवर, सासुरवाडीला आल्यासारखे. त्यांच्या पायाशी बॅग होती, भरून बंद केलेली. जायला अजून आठवडा होता.

मला राग आला. कुणाचा ते धड कळेना, म्हणून मी सगळ्यांचाच केला. मेधा ऑफिसला गेल्यावर सरळ त्यांच्या घरात गेले.

"काका, गाडी तपासलीत?"

"तपासायचं काय. माझंच चुकलं."

"ते ऐकलं. कुठलं चाक होतं?"

त्यांनी वर पाहिलं. शेकडो लोकांना त्यांनी हा प्रश्न विचारला असेल. या वेळी विचारलाच नव्हता. मेधानं नाही, टोवाल्यानं नाही, आणि त्यांनी स्वतःही नाही. सगळे थेट 'कुणामुळे'वर गेले होते, आणि तिथे काका हात जोडून आधीच उभे होते.

ईरा तोवर मैत्रिणीच्या गाडीतून कॉलेजात परत गेली होती. मी तिथूनच तिला फोन लावला, स्पीकरवर.

"ईरा, त्या दिवशी धूर कुठल्या चाकातून येत होता गं?"

"द फ्रंट वन. माय साइड. व्हाय? इज आबा ओके?"

पुढचं. डावं, कारण इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. हँडब्रेक लागतो तो मागच्या चाकांना. एवढं तर मलाही काकांच्याच कृपेनं ठाऊक झालं होतं. मी विजयी मुद्रेनं त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले होते आणि सँडल शोधत होते.

पण तेवढ्यावर मानतील ते काका कसले. म्हणाले, फोनवरची साक्ष, चाकाला विचारू. टोवाल्यानं ड्राइव्हवेत आणून ठेवलेली गाडी थंड होती आणि शहाण्यासारखी वागत होती. ढकलली तर गपगुमान पुढे गेली. आम्ही दोघं ती घेऊन कॉलनीत फिरलो. मी चालवत होते आणि ते म्हणतील तिथे ब्रेक मारत होते. शाळेच्या उतारापर्यंत जाऊन आलो तशी गाडी डावीकडे जायला लागली. घरी येऊन उतरलो. काका चारही चाकांशी गेले, तो उलटा हात घेऊन. मागची दोन्ही गार. पुढचं उजवं कोमट. पुढच्या डाव्यापाशी हात नेला आणि झटकन मागे घेतला.

मग त्यांनी मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, पुढून गाडी उचलली, खाली स्टँड दिला. चाक हातानं फिरवून पाहिलं. फिरेना. आता इथे त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. ब्रेकपाशी एक लहानसा निपल असतो, आतलं ऑइल बाहेर काढायचा. त्याला पाना लावला आणि मला म्हणाले, "हा मी जरासा सैल करतो. चाक तरीही अडलेलं राहिलं तर ब्रेक इथे गंजलाय. मोकळं झालं तर ऑइल आत कोंडलंय, मागे जात नाहीये. तुम्ही चाक धरा."

मी धरलं. त्यांनी पाना हलवला. ऑइलची एक चिळकांडी उडाली आणि माझ्या हातातलं चाक सुटलं, सहज फिरायला लागलं.

"होज," काका म्हणाले. "रबराची नळी. जुनी झाली की बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून सुजते. ब्रेक दाबला की ऑइल जोरात आत शिरतं. पाय काढला की परत जायची वाट बंद. पाहुणा आत येतो आणि जायचं नाव घेत नाही." मग थोडं हसून, "माझ्यासारखं."

"म्हणजे हँडब्रेकचा काही संबंध नाही."

त्यांनी मागे जाऊन तोही तपासला. ओढला, सोडला, मागची चाकं फिरवली. लोण्यासारखी फिरली. "नाही," ते म्हणाले. "संबंध नाही." आणि ड्राइव्हवेतल्या पायरीवर बसले. चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. बराच वेळ पायाशी धरलेलं जड सामान कुणी उचलून नेल्यावर माणूस जसा गोंधळून इकडेतिकडे बघतो तसे बघत होते. मग म्हणाले, "पण होज मीच बघायला हवा होता."

मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी पुढच्या दोन्ही नळ्या आणून त्यांनी बदलल्या. मी आत बसून ब्रेकचं पेडल दाबत होते. खालून आवाज यायचा, "दाबा. धरा. सोडा, सोडा." आतली हवा सगळी निघेपर्यंत असंच. शेवटी हात धुवायला ते माझ्या सिंकपाशी आले. मी साखरेचा डबा पुढे केला आणि म्हटलं, "आज संध्याकाळी मेधाला सांगते. नाहीतर तुम्ही सांगा, ते जास्त बरं."

"नाही," ते म्हणाले. "सांगायचं नाही."

"का?"

"तिला मी सांगितलंय, केबल अडकली होती, मोकळी केली." उभ्या आयुष्यात या माणसानं चुकीचं निदान जाणूनबुजून पहिल्यांदाच दिलं असणार. "रेवतीताई, ती मला जे बोलली ते रागात बोलली. आता तिला कळलं की माझी चूकच नव्हती, तर ते बोलणं तिच्याच अंगावर उलटेल. मग ती रोज सकाळी उठून स्वतःला विचारेल, मी बाबांना असं कसं बोलले. मी विचारतोय ना इतकी वर्षं. मला माहीत आहे ते काय असतं. एका घरात असा एकच माणूस पुरे."

"आणि तुम्ही त्यासाठी पुण्याला जाऊन एकटे राहणार?"

"मला सवय आहे."

मी भांडले. खूप भांडले. म्हटलं, हा काय त्याग आहे का, हा आडमुठेपणा आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी माझ्यापुढे हात जोडले. वडलांच्या वयाचा माणूस, साबणाचा फेस हातावर तसाच. मी म्हटलं, बरं, नाही सांगत. साताऱ्याचा शब्द दिला.

विमानतळावर सोडायला मेधाच निघाली, त्याच जुन्या गाडीतून. दुसरी गाडी नेमकी सर्व्हिसला दिलेली. मी मागच्या सीटवर, बॅगेशेजारी. रस्त्यावर नेहमीची रिपरिप. मग मेधा, काहीतरी बरं बोलायचं म्हणून, खरंच बरं बोलायचं म्हणून, म्हणाली, "बाबा, बघा आता गाडी कशी मस्त चालतेय. हँडब्रेक ओढणं थांबलं ना, सगळं सुटलं."

मी आरशात बघत होते. काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "हो गं. माझंच चुकलं."

मी बॅगेचा पट्टा इतका घट्ट धरला की बोटं दुखायला लागली.

विमानतळावर गाडी दारापाशी थांबली. काकांचा डावा हात सवयीनं मेधाच्या बाजूला, त्या हँडब्रेककडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला आणि परत मांडीवर जाऊन बसला. मेधाला दिसलं नाही, ती मागे वळून गाड्या बघत होती. मला दिसलं.

उतरले. मेधाला जवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "येतो, रेवतीताई. सांभाळा." कुणाला सांभाळा ते म्हणाले नाहीत. मग बॅग ओढत निघाले, आणि दोन पावलांवरून परत फिरले. गाडीला वळसा घालून पुढच्या डाव्या चाकाशी वाकले आणि हाताची मागची बाजू चाकाजवळ नेली. क्षणभर थांबले. तापलं नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, आणि काचेच्या दारातून आत गेले. सँडल, मोजे, हाफ स्वेटर. मागे वळून पाहिलं नाही.

"गाडीला नमस्कार केला वाटतं," मेधा म्हणाली आणि रडायला लागली.

परत येताना ती गाडी चालवत होती. निम्म्या वाटेवर म्हणाली, "मी त्यांना थांबवायला हवं होतं का गं? खरं सांग."

माझ्या डोक्यात त्यांचे जोडलेले हात होते. साबणाचा फेसही होता. मी स्वतःला समजावलं की सांगायचं नाही एवढंच कबूल केलंय. आणि मग मी सांगितलं नाही, विचारलं.

"मेधा, त्या दिवशी धूर आला ना. कुठलं चाक होतं?"

ती त्या माणसाची मुलगी. हा प्रश्न जेवणाच्या ताटावर ऐकत लहानाची मोठी झालेली. तिनं आधी "काय?" म्हटलं. मग पुढच्या वळणावर रस्ता सोडून तिनं गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली, ईराला फोन केला, एकच वाक्य विचारलं, एकच वाक्य ऐकलं आणि फोन ठेवला. बाबांना लावला. ते तोवर सिक्युरिटीत असणार, फोन ट्रेमध्ये. वाजत राहिला.

घरी आलो. सपाट ड्राइव्हवे. तिनं गाडी 'पी'वर टाकली, बंद केली, आणि मग हात खाली नेऊन हँडब्रेक ओढला. करकर करत अगदी शेवटपर्यंत. त्यावरचा हात काढला नाही.

"माझंच चुकलं," मेधा म्हणाली.

काकांना ज्याची भीती होती ते झालं होतं, आणि ते मी केलं होतं. मी बरोबर केलं की नाही, मला अजून कळत नाही. त्या वेळी एवढंच सुचलं की तिचा हात धरून म्हणावं, आत चल, चहा करते.